गुण देणाऱ्या मॅडमच समुपदेशक?

मध्य प्रदेशातल्या बालाघाटहून एका ट्यूटरचं पत्र आलं आहे. त्यांच्या नर्सिंग कॉलेजात समुपदेशक नेमल्याचा आदेश निघाला, आणि नेमणूक झाली ती मेंटल हेल्थ नर्सिंग शिकवणाऱ्या मॅडमचीच. इंटर्नलचे गुण त्याच देतात, क्लिनिकलची हजेरीही त्यांच्याकडेच. मग ‘वॉर्डात हात थरथरतात, झोप लागत नाही’ हे त्यांना जाऊन सांगायची कोणत्या मुलीची हिंमत होईल?

सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी सुकदेब साहा प्रकरणात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल स्पष्ट निर्देश दिले. 100 किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 हा क्रमांक वसतिगृहात ठळक लावावा. आपल्या संस्थांनी त्यातून उचललं काय, तर तपासणीत दाखवायला एक कागद!

मध्य प्रदेशात तर ही टाळाटाळ अक्षम्य आहे. नर्सिंग कॉलेजांच्या मान्यतेचा घोटाळा संस्थाचालकांचा आणि अधिकाऱ्यांचा, पण फेब्रुवारी 2023 मध्ये परीक्षांना स्थगिती मिळाली तेव्हा अडकल्या त्या मुली. 2020-21 च्या तुकडीला पहिल्या वर्षाची परीक्षा द्यायला 2024 उजाडलं. ‘पोरगी एवढी वर्षं शिकते तरी काय?’ हे बालाघाटमधल्या लांजी-किरनापूरकडच्या घरांतून ऐकत त्यांनी दिवस काढले. त्यांना ‘लवकर झोपा, योगा करा’ असा उपदेश कुठल्या तोंडाने करायचा?

झोपेच्या-जेवणाच्या वाईट सवयींचा सगळा दोष मोबाईलवर ढकलणाऱ्या प्राचार्यांनी आधी स्वतःच्या सहीचं ड्यूटी रोस्टर पाहावं. नाईट संपवून, पुढच्या पाळीला पेशंटची माहिती म्हणजे ‘ओव्हर’ देऊन मुलगी परतते तेव्हा मेसचा नाश्ता संपलेला असतो. चहा-बिस्किटावर ती थिअरीला बसते आणि तिथेच केअर प्लॅनमध्ये पेशंटच्या नावापुढे ‘झोपेचा अभाव’ असं निदान लिहिते. तिच्या झोपेची नोंद कोणाच्याच रजिस्टरला नाही.

प्राचार्यांनो, विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट पाहू नका. नाईटनंतरचा दिवस मोकळा सोडा. ओव्हर देऊन येणाऱ्या मुलींसाठी ताट झाकून ठेवायला मेसला लेखी सांगा. समुपदेशक बाहेरचा नेमा. त्याचा गुणांशी, हजेरीशी काडीचाही संबंध नको. आणि ट्यूटरांनो, तुमच्या कॉलेजचं या महिन्याचं रोस्टर आम्हाला पाठवा. पाठवणाऱ्याचं नाव गुप्त ठेवू. रोस्टर मात्र पुढच्या अंकात जसंच्या तसं छापू.