अंधार बघायला गेलेली माणसं

गेल्या सप्टेंबरात लडाखमध्ये हानलेला तारे पाहायला गेलो होतो. तिथल्या वेधशाळेभोवतीचा परिसर २०२२ साली अंधारासाठी राखीव झाला. गावकरी खिडक्यांना जाड पडदे लावतात, गावातल्याच मुली दुर्बिणीतून आकाश दाखवतात.

आणि आम्ही? आमच्या सहलवाल्याच्या गाड्या हेडलाइट लावून थेट दुर्बिणींपर्यंत! डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, मोबाईल एकदा चमकला की ती मेहनत फुकट. मुलीने देवयानी दीर्घिका लावली. पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश! आमच्यातले एक गृहस्थ म्हणाले, "हा तर धुरकट ठिपका. जाहिरातीत रंगीत होती." त्यांना काय बोलणार? बराच वेळ कॅमेरा उघडा ठेवून काढलेले फोटो दाखवून सहली विकायच्या आणि डोळ्यांना तसं दिसत नाही हे सांगायचंच नाही, ही शुद्ध फसवणूक आहे. त्यात माणशी अर्धं मिनिट.

माझं म्हणणं, निम्मीच माणसं न्या, हवं तर पैसे जास्त घ्या, पण मोबाईल खोलीवरच ठेवायला लावा. (मास्तरकी जात नाही, काय करणार!)

शेवटी ती मुलगी हळूच म्हणाली, "अंकल, लाईट."

माझ्याच खिशातल्या मोबाईलची बॅटरी चालू राहिली होती.