आकडा शंभराचा, तरी चित्र का अडखळते?

गेल्या महिन्यात इंदूरला एका स्नेह्यांकडे जाण्याचा योग आला. चहा येण्यापूर्वीच घरातील एक वाद आमच्यापुढे निवाड्यासाठी ठेवण्यात आला. चिरंजीव अकरावीत आहेत. त्यांचे म्हणणे असे की, संगणकावरील गेम धड चालत नाही, चित्र मध्येच अडखळते. सबब नवे ग्राफिक्स कार्ड हवे. वडिलांनी पडद्याच्या कोपऱ्यातील आकड्याकडे बोट दाखविले. तेथे कधी ९०, कधी १०० असे झळकत होते. “सेकंदाला नव्वद चित्रे येताहेत. सिनेमाला चोवीस पुरतात. मग याचेच अडखळते कोठे?” यावर मुलगा एवढेच म्हणाला, “बाबा, मला दिसतंय ना!”

कार्डाची किंमत त्या घराच्या दोन महिन्यांच्या किराणा खर्चाहून अधिक होती. तेव्हा प्रश्न निव्वळ करमणुकीचा नव्हता. शिवाय मुलगा नव्या वस्तूसाठी बहाणा करीत आहे, असा संशय वडिलांच्या बोलण्यातून डोकावत होता आणि तो मुलाला झोंबला होता. हाच वाद आज अनेक घरांतून चालत असेल, म्हणून त्याचा उलगडा येथे थोडा विस्ताराने करीत आहोत. प्रारंभीच सांगावयाचे तर आकडाही खोटा नव्हता आणि मुलगाही खोटा नव्हता.

सेकंदाला १०० फ्रेम, म्हणजे शंभर चित्रे, असे आपण म्हणतो तेव्हा ती केवळ मोजदाद असते. ती शंभर चित्रे सेकंदभरात कशी विभागली गेली, हे आकडा सांगत नाही. प्रत्येक चित्राला १० मिलिसेकंद लागले, तर सेकंदात शंभर चित्रे होतात. परंतु ९९ चित्रे प्रत्येकी ८ मिलिसेकंदांत उरकली आणि शंभराव्याला २०८ मिलिसेकंद लागले, तरी बेरीज तीच, एक सेकंद. कोपऱ्यातील आकडा दोन्ही वेळी शंभरच दाखवील. मात्र दुसऱ्या प्रकारात सेकंदाचा पाचवा हिस्सा चित्र जागच्या जागी थिजलेले असेल. तबलजीने सोळा मात्रांचे आवर्तन घड्याळाबरहुकूम पुरे केले, पण मधल्या मात्रा काही दाटीने आणि काही रेंगाळत वाजविल्या, तर बैठकीतील कोणता रसिक मान डोलावील?

ही गोष्ट खेळाडूंना फार पूर्वीपासून जाणवत होती, पण मोजणारे बहुतेक सगळे सरासरीवरच समाधान मानीत. अमेरिकेतील ‘द टेक रिपोर्ट’ या प्रकाशनाचे संपादक स्कॉट वॉसन यांनी २०११ साली एक दीर्घ लेख लिहून सेकंदाच्या आत डोकावून पाहण्याची पद्धत पुढे आणली. किती चित्रे आली याऐवजी प्रत्येक चित्राला किती वेळ लागला, हे त्यांनी आलेखावर मांडले. त्या काळी हौशी मंडळी एकाच संगणकात दोन ग्राफिक्स कार्डे जोडीत. एक चित्र पहिल्याने काढावयाचे, पुढचे दुसऱ्याने, अशी ती वाटणी. आकडा झपाट्याने वाढे. परंतु कित्येकदा दोन चित्रे एकापाठोपाठ येत, मग खंड पडे, पुन्हा दोन येत. पैसे दुप्पट मोजून डोळ्यांस मिळणारे सुख मात्र एका कार्डाएवढेच, हे या आलेखांनी उघड केले. पुढे ही जोडकार्डांची प्रथाच घरगुती संगणकांतून मागे पडली.

आता वडिलांच्या सिनेमाच्या दाखल्याकडे वळू. चोवीस चित्रे पुरतात हे खरे. पण ती चोवीसही नेमक्या सारख्या अंतराने येतात. शिवाय कॅमेऱ्याची झडप उघडी असेतो वस्तू हलत राहते, त्यामुळे प्रत्येक चित्रात गतीची किंचित पुसट छाया उतरते आणि एका चित्रातून दुसऱ्यात जाणे सौम्य होते. गेममधील चित्र बहुधा लख्ख आणि कोरीव असते, म्हणून त्याची उडी लपत नाही. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला, त्या काळी कॅमेऱ्याची मूठ हातानेच फिरवीत. हात किंचित रेंगाळला किंवा घाईस आला की पडद्यावरची चाल बदले. आजच्या संगणकात मूठ नाही, पण तो रेंगाळणारा हात मात्र आहे.

तो हात कोठे कोठे असतो? पहिले ठिकाण पडदा हेच. घरगुती मॉनिटर बहुधा ६० हर्ट्झचा असतो, म्हणजे तो सेकंदाला साठ वेळा, दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतो. संगणकाने नव्वद चित्रे तयार केली, तरी पडदा दाखविणार साठच. मग उरलेल्या तिसांचे काय होते? एखादे नवे चित्र पडदा बदलत असतानाच मध्ये घुसले, तर वरचा भाग जुना आणि खालचा नवा, असे फाटके दृश्य दिसते. ते टाळण्यासाठी, प्रत्येक वेळी सर्वांत ताजे पूर्ण चित्र घ्यावयाचे आणि मधली टाकून द्यावयाची, अशी सोय असते. परंतु नव्वदाला साठाने पूर्ण भाग जात नाही. त्यामुळे पडद्यावरचा धावणारा घोडा एकदा एक पाऊल पुढे येतो, पुढल्या वेळी दोन पावले, पुन्हा एक, पुन्हा दोन. पावले सगळी बिनचूक, चाल मात्र लंगडी! अशा पडद्यावर नव्वदापेक्षा नेमकी साठ चित्रे अधिक तुळतुळीत दिसतात, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्यास पटत नाही. आम्हांसही पटली नव्हती.

यावर पडद्यानेच संगणकाची वाट पाहावी, असा उपाय निघाला. एनव्हिडिया कंपनीने २०१३ साली जी-सिंक जाहीर केले, आणि एएमडीच्या फ्रीसिंकचे मॉनिटर २०१५ पासून बाजारात आले. चित्र तयार झाले की तेव्हाच पडदा बदलतो. लहानसहान चढउतार याने झाकले जातात. पण २०८ मिलिसेकंदांचा खड्डा कोणताही पडदा बुजवू शकत नाही.

दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. क्रोएशियातील क्रोटीम या गेम तयार करणाऱ्या संस्थेचे अलेन लादावाच यांनी २०१८ साली त्यावर लिहिले. गेम चित्र काढतो तेव्हा ते पडद्यावर नेमके केव्हा दिसणार, हे त्याला ठाऊक नसते. मागच्या चित्राला लागलेल्या वेळावरून तो अंदाज बांधतो आणि तेवढ्याच हिशेबाने पात्रे पुढे सरकवितो. अंदाज चुकला की चित्र वेळेवर येते, परंतु त्यातील धावणारा माणूस भलत्याच ठिकाणी असतो. चित्रांमधील अंतर मोजणाऱ्या आलेखातही हा दोष सहसा सापडत नाही.

तिसऱ्या प्रकाराशी आम्हा भाषांतरकारांचे थोडे नाते आहे. पाण्याची चकाकी, धूर, कापडाची वीण दाखविण्यासाठी ग्राफिक्स कार्डाला छोटे छोटे आज्ञासंच लागतात. त्यांना शेडर म्हणतात. संगणकाची कार्डे नाना प्रकारची, म्हणून हे आज्ञासंच त्या त्या कार्डाच्या भाषेत उतरवून घ्यावे लागतात. हे काम खेळापूर्वी उरकले नसेल, तर पहिला स्फोट पडद्यावर यावयाच्या क्षणी ते करावे लागते आणि तोपर्यंत सारे थांबते. वक्ता व्यासपीठावर उभा आणि दुभाषा शब्दकोश चाळीत बसलेला, तशी ही अवस्था. ‘द कॅलिस्टो प्रोटोकॉल’ हा गेम डिसेंबर २०२२ मध्ये आला तेव्हा संगणकावरील त्याची आवृत्ती याच कारणाने अडखळली आणि बरीच ओरड झाली. टीव्हीला जोडावयाच्या गेमयंत्रांत कार्ड ठरलेले असल्याने भाषांतर आधीच करून देता येते; तेथे हा विशिष्ट त्रास सहसा होत नाही.

आणि वडिलांना का दिसत नव्हते? आपले डोळे हलत्या वस्तूचा सलग पाठलाग करतात, आणि ती पुढल्या क्षणी कोठे असेल याची अटकळ बांधून तेथे पोचतात. वस्तू तेथे नसली की ठेच लागते. खेळणारा एकाच लक्ष्यावर नजर ठेवून असतो, शिवाय माउस त्याच्याच हातात असतो. हाताने केले आणि डोळ्यांनी पाहिले यांतील फरक त्यालाच कळणार. मागे उभा राहून पाहणाऱ्याची नजर पडद्यावर इकडेतिकडे फिरत असते.

या सगळ्या चर्चेनंतर आम्ही चिरंजीवांस प्रथम मॉनिटरची सेटिंग उघडावयास सांगितले. मॉनिटर १४४ हर्ट्झचा विकत घ्यावयाचा आणि विंडोजमध्ये तो ६० वरच चालवावयाचा, असे अनेकांचे होते. येथे मात्र मॉनिटरच साधा, साठाचा होता. मग गेममध्येच ६० फ्रेमची मर्यादा घातली आणि चित्रागणिक लागणाऱ्या वेळाचा आलेख पडद्यावर आणला. मघाची करवतीसारखी रेघ बरीचशी सपाट झाली. तरी दोन प्रकारच्या उड्या उरल्या. एक स्फोटाच्या वेळची. तोच भाग पुन्हा खेळल्यावर ती आली नाही. म्हणजे ते भाषांतराचे काम होते आणि एकदा होऊन गेले. दुसरी, शहराच्या वेशीतून आत जाताना दर खेपेस येणारी. गेम जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर ठेवलेला होता, तो संगणकातीलच एसएसडीवर हलविला, तेव्हा ती निम्म्याहून कमी झाली.

मुलाने मध्येच विचारले, “काका, नवी कार्डे मधली चित्रे स्वतःच घालतात ना? मग आकडा दीडशेवर जाईल.” ते खरे आहे. २०२२ पासून एनव्हिडियाच्या कार्डांत दोन खऱ्या चित्रांमध्ये एक अंदाजी चित्र भरण्याची सोय आली आहे. परंतु वेशीपाशी खरे चित्रच उशिरा येत असेल, तर दोहोंमध्ये भरावयाचे कशाच्या आधारावर? माउसच्या हालचालीला मिळणारा प्रतिसादही त्याने लवकर येत नाही.

वडील इतका वेळ मागे उभे होते. त्यांनी खुर्ची ओढली, माउस स्वतःच्या हाती घेतला आणि मुलाला म्हणाले, “ती मर्यादा काढ पाहू एकदा.” मुलाने काढली. कोपऱ्यात पुन्हा ९४ झळकले. घोडा तटबंदीच्या कडेने दौडू लागला आणि स्नेह्यांच्या कपाळावर आठी पडली. “अरे, हा तर लंगडतोय!” मुलगा काही बोलला नाही. कार्ड दिवाळीपर्यंत पुढे ढकलले गेले आहे. वेशीपाशी अजून किंचित अडखळते, असे परवाच्या फोनवरून कळले.