गोंदण कोणाचे, छबी कोणाची?

आमच्या शहरातील छायाचित्रकार अलीकडे जाहिरातींच्या कामासाठी गोव्यास वरचेवर जाऊ लागले आहेत. पेडणे तालुक्यात हरमलच्या किनाऱ्याकडे विजेच्या सुईने गोंदणारी दुकाने आहेत आणि दंडभर चित्रे मिरविणारे तरुण तेथे हवे तितके मिळतात. डिचोलीकडील खेड्यांत मात्र निराळे गोंदण दिसते. हिरवट पडलेले ठिपके आणि तुळशीवृंदावन हातावर वागविणाऱ्या आज्या अजून तेथे भेटतात. दागिने येथेच राहतात, गोंदण तेवढे बरोबर येते, अशी त्या पिढीची श्रद्धा. कॅमेऱ्याला दोन्ही हात सारखेच. कायद्याला मात्र ते सारखे नाहीत.

अंगावर नव्याने काढलेले स्वतंत्र चित्र ही त्या गोंदणाऱ्याची कलाकृती ठरू शकते. त्वचा ज्याची त्याची असली, तरी चित्राचा स्वामित्वहक्क पैसे मोजल्याने आपोआप गिऱ्हाइकाकडे जात नाही. मुष्टियोद्धा माईक टायसन याच्या चेहऱ्यावरील चित्राची नक्कल एका विनोदी चित्रपटातील नटाच्या चेहऱ्यावर उमटली, तेव्हा २०११ साली मूळ गोंदणाऱ्याने अमेरिकेत दावा लावला आणि निर्मात्यांना तडजोड करावी लागली. उलट २०२० साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने, खेळाडूंच्या अंगावरील गोंदण संगणकीय खेळात दाखविण्यास हरकत नाही, असे ठरविले. हे खेळाडू लोकांसमोर वावरणार हे गोंदणाऱ्यांना ठाऊक होतेच, असे त्यामागील एक कारण.

आपल्या १९५७ च्या कायद्यात, चित्रपटात पार्श्वभूमीला वा ओघाने आलेल्या कलाकृतीस सूट आहे. पण स्थिर छायाचित्राचे नाव त्या कलमात नाही. चौकात कायमच्या उभ्या असलेल्या शिल्पाचे छायाचित्र घेता येते, पण माणूस काही चौकातला पुतळा नव्हे! तेव्हा गोंदणच जाहिरातीचा विषय असेल, तर दुकानदाराची परवानगी लेखी घ्यावी व तीत मुदत आणि मुलूख नमूद करावा. तसे न केल्यास कायदा पाच वर्षे आणि भारतापुरतीच परवानगी धरतो, हे पुष्कळांच्या गावीही नसते.

जुन्या ठिपक्यांना आणि वृंदावनाला असा एक कर्ता नाही, ती सर्वांचीच ठेव आहे. म्हणून आजीच्या हाताचे छायाचित्र फुकटचे, असा समज रूढ झाला आहे. आमचा आक्षेप आहे तो येथेच. नक्षीचा मालक नसेल, पण हाताला मालकीण आहे. मोबदला देऊन छायाचित्र काढविणारा, उलट करार नसल्यास, त्याचा पहिला मालक ठरतो. म्हणजे त्या हातावर हक्क सांगणार मुंबईची जाहिरात कंपनी! तथापि व्यक्तीचे नाव वा छबी तिच्या संमतीवाचून जाहिरातीस वापरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ सालीच म्हटले आहे. २०१७ साली नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. परक्यांची छायाचित्रे विचारल्यावाचून काढू नयेत, विशेषतः ते समुद्रात पोहत असता वा उन्हात पहुडले असता, अशी सूचना गोव्याच्या पर्यटन खात्याने जानेवारी २०२३ मध्ये काढली. ती योग्यच होती. पण किनाऱ्यावरील पाहुण्याला जो मान, तो जत्रेत फुले विकणाऱ्या बाईला का नसावा?

संमतिपत्रे असतात, नाही असे नाही. पण ती इंग्रजीत छापलेली, आणि खाली अंगठा. असा अंगठा आम्ही संमती मानीत नाही. मजकूर कोंकणीत वा मराठीत असावा आणि वाचून दाखवावा. चित्र कॅलेंडरावर जाणार की साबणाच्या वेष्टनावर, किती वर्षे, आणि मोबदला काय, हे त्यात स्पष्ट लिहावे. मॉडेल अठरा वर्षांखालील असेल तर पालकांची सही घ्यावी. आणि संमतिपत्राबरोबर छापील चित्राचीही एक प्रत तिच्या घरी पोचती करावी. पत्ता लिहून घेण्यास दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.