ताकदीची बाटली आणि घरातली डाळ

‘डॉक्टर, आईंना फार अशक्तपणा आलाय. एक ताकदीची बाटली लावून टाका.’ आठवड्यातून दोन-तीनदा तरी हे वाक्य दवाखान्यात कानावर येते. ही बाटली म्हणजे पुष्कळदा अमायनो ॲसिडचे सलाईन असते, आणि ते किमतीला चांगलेच जड असते. तेव्हा त्यात असते काय, ते एकदा समजून घेऊ या.

आपण खातो ती प्रथिने पचली की त्यांचे सुटे घटक होतात. हीच अमायनो ॲसिड्स. त्यांचे 20 प्रकार जुळवून शरीर स्नायू, रक्तातले हिमोग्लोबिन, इन्शुलिन, जखमेवरची नवी कातडी बनवते. यातले 9 प्रकार शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. ते अन्नातूनच यावे लागतात.

पूर्वी छापखान्यात खिळे जुळवून मजकूर तयार करीत. ‘ळ’चे खिळे संपले, की बाकीची अक्षरे ढीगभर असूनही ‘डाळ’ जुळत नसे आणि ‘बाळ’ही. शरीराचे तसेच आहे. नवांपैकी एक कमी पडले, की बांधकाम तेवढ्यावर अडते. उरलेली साठवायला चरबीसारखे कोठारही नाही. ती जाळली जातात आणि त्यांतल्या नायट्रोजनचा युरिया होऊन लघवीवाटे निघून जातो.

ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ यांत लायसीन कमी असते. डाळीत ते भरपूर, पण मेथिओनीन कमी. ते धान्यात बऱ्यापैकी असते. वरण-भात, झुणका-भाकर, मुगाची खिचडी यांत एकाची उणीव दुसरा भरून काढतो. कोरड्या वजनाने तीन भाग धान्याला एक भाग डाळ हे प्रमाण चांगले. शेंगदाण्याबद्दल मात्र गैरसमज आहे. त्यात प्रथिने पुष्कळ, पण लायसीन बेताचेच. म्हणून भाकरीबरोबर नुसती शेंगदाण्याची चटणी पुरत नाही. जोडीला पिठले, मटकीची उसळ, दूध-ताक किंवा अंडे हवे.

आता हिशेब करू. पाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटर बाटलीत 25 ग्रॅम अमायनो ॲसिड्स असतात. 100 ग्रॅम कोरड्या तूरडाळीत प्रथिने सुमारे 22 ग्रॅम, एका अंड्यात सुमारे 6. पचनात थोडी घट धरली, तरी ज्याला तोंडाने खाता येते त्याला हेच सुईने कशाला द्यायचे? मोठ्या शस्त्रक्रियेनंतर किंवा आतडी काम करीत नसताना या सलाईनची गरज पडते, त्याबद्दल वाद नाही. पण चालत येऊन बाकावर चहा-बिस्किट खाणाऱ्याला ते लावणे मला पटत नाही, आणि हे मी माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगतो. पैसे जातात ते जातातच; पण दोन दिवस बरे वाटले म्हणून रक्तक्षय, मधुमेह, क्षय यांची तपासणी लांबणीवर पडते. नुकसान खरे तिथे होते.

पावडरच्या डब्यांचेही तेच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शिकेत, शरीर कमावण्यासाठी असल्या पावडरी टाळा, असेच सांगितले आहे. तरुण पोरे ऐकत नाहीत, हा भाग वेगळा.

माझ्या मते खरी चणचण असते ती घरात शेवटी जेवणाऱ्या बाईला. 50 किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे 41 ग्रॅम प्रथिने लागतात. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आणखी 22. तिच्या वाट्याला काय येते? भाकरी, चटणी आणि पातेल्याला लागलेली आमटी. पुन्हा अशक्तपणा आला, की तिलाच साबुदाण्याची खीर! साबुदाण्यात पिष्ट असते. प्रथिने जवळजवळ नसतातच. त्यापेक्षा घट्ट वरण, मुगाची खिचडी, चालत असेल तर उकडलेले अंडे द्यावे. डाळ शिजत टाकतानाच तिची वाटी मोजावी आणि आधी बाजूला काढून ठेवावी. सासूबाईंनी मनावर घेतले, तर हे उद्यापासून होईल.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डाळीचे, अंड्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.