पाच इंच पाण्याची गंमत

घरात काटकसर सांगायची वेळ आली की आपला आवाज आपोआप चढतो. ‘नळ कोणी उघडा टाकला?’ ‘पंखा कोणासाठी फिरतोय?’ सांगणारा शहाणा, ऐकणारा गुन्हेगार! आणि ऐकून घेणारी बहुतेक वेळा घरातली बाईच.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या सरकारला अख्ख्या देशाला काटकसर सांगायची होती. कोळसा कारखान्यांना हवा होता, आणि घरोघरी आंघोळीचं पाणी तापवण्यातही इंधन जळत होतं. आवाहन झालं, टबात पाच इंचांवर गरम पाणी घेऊ नका. पाच इंच म्हणजे अर्ध्या वितीहून जरासंच जास्त, तेही तिथल्या थंडीत!

हे सांगायला रिचर्ड मॅसिंगहॅम पुढे आले. मूळचे डॉक्टर, पण डॉक्टरकी सोडून सिनेमात रमलेले. १९४२ मध्ये त्यांनी ‘द फाइव्ह इंच बादर’ हा छोटासा चित्रपट केला. त्यात टबात कोण बसलंय? स्वतः मॅसिंगहॅम! गोल, जाड्या अंगाचा हा माणूस एवढ्याशा पाण्यातही आंघोळीची मजा घेता येते, हे करून दाखवतो. कुणा गृहिणीला दटावणं नाही, बोट उगारणं नाही. हसं होतं ते सांगणाऱ्याचंच. मला ही युक्ती फार आवडते.

रेघ सगळ्यांना सारखी होती, हेही महत्त्वाचं. त्याच वर्षी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट बकिंगहॅम राजवाड्यात पाहुण्या होत्या. तिथल्या टबातही त्यांना पाच इंचांची खूण दिसली.

अमेरिकेनेही असंच हसवलं. डिस्नेच्या १९४२ च्या एका कार्टूनमध्ये मिनी माउस तव्यातली उरलेली चरबी प्लुटो कुत्र्याच्या जेवणावर ओतायला निघते. (तव्यात काय तळलं होतं, ते आपल्या घरात शिजत नाही, ते सोडा!) तेवढ्यात रेडिओवरून आवाज येतो, थांब, टाकू नकोस! चरबीपासून ग्लिसरीन, ग्लिसरीनपासून स्फोटकं. मग गाळून डब्यात भरलेली चरबी खाटकाकडे नेऊन द्यायची.

इथे मात्र माझं हसू जरा अडखळतं. टबातल्या माणसाने फक्त कोळसा वाचवायला सांगितलं होतं. मिनीच्या स्वयंपाकघरातून थेट तोफगोळ्याकडे वाट जाते, आणि ती दाखवताना पडद्यावर प्लुटो मजेत शेपूट हलवत चाललाय.