वीस वर्षांची झाली की भंगार, पन्नासची झाली की वारसा

गाडी वीस वर्षांची झाली की सरकारच्या लेखी ती डोकेदुखी असते. तीच गाडी पन्नास वर्षांची झाली की वारसा ठरते. मधली तीस वर्षं तिनं काढायची कशी आणि कुणाच्या जिवावर, याचं उत्तर कुठल्याच नियमात नाही. आजची पोस्ट त्याबद्दल आहे. जरा मोठी आहे, सवडीनं वाचा.

आधी आकडे बघू. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं जुन्या गाड्यांच्या नोंदणी नूतनीकरणाची फी वाढवली. वीस वर्षांपेक्षा जुन्या खासगी मोटारीला आता १०,००० रुपये. तीच मोटार आयात केलेली असेल तर ८०,००० रुपये. आणि हे नूतनीकरण पाच वर्षांपुरतं.

आता दुसरी बाजू. जुलै २०२१ मध्ये केंद्रानंच व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात जपलेली खासगी गाडी असेल, तर २०,००० रुपये भरून दहा वर्षांची नोंदणी मिळते. नंतरच्या नोंदणीला ५,०००.

म्हणजे बघा, ४९ वर्षांच्या आयात गाडीला पाच वर्षांचे ८०,००० आणि ५१ वर्षांच्या गाडीला दहा वर्षांचे २०,०००. दोन वर्षांत गाडीत काय बदललं? काहीच नाही. फक्त वाढदिवस झाले.

तुम्ही म्हणाल, आपल्या तालुक्याच्या गावाला याचं काय देणंघेणं? इथं कुणाकडे आयात गाड्या आहेत? तर आहे. एक आहे.

आपल्या गावात गणित शिकवून निवृत्त झालेले एक सर आहेत. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. त्यांच्या वाड्यामागच्या जुन्या गोठ्यात तीस वर्षांहून जास्त काळ ताडपत्रीखाली एक गाडी पडून होती. एमजीए. इंग्लंडात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९५५ ते १९६२ या काळात बनलेली दोन माणसांची स्पोर्ट्स कार. अशा एक लाखाहून जास्त गाड्या बनल्या आणि त्यातल्या बहुतेक परदेशी, मुख्यतः अमेरिकेला गेल्या. आपल्या देशात फार थोड्या आल्या, कारण तेव्हा मोटारींच्या आयातीवर कडक बंधनं होती. ही मुंबईतला एक परदेशी साहेब मायदेशी जाताना विकून गेला आणि ती सरांच्या काकांनी घेतली.

सर मेकॅनिक नाहीत, श्रीमंत तर अजिबात नाहीत. निवृत्तीनंतर त्यांनी ताडपत्री काढली, जुनं वर्कशॉप मॅन्युअल मिळवलं आणि एकेक भाग सुटा करायला घेतला. प्रत्येक नट-बोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, डब्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख. या कामाला आता पाच वर्षं होत आली. मी अधूनमधून जाऊन बसतो. बातमीसाठी नाही, बघायला मजा येते म्हणून.

तिथं जे बघितलं त्यावरून माझं मत बनलं, ते सांगतो.

पहिली गोष्ट, ही गाडी सरांनी एकट्यानं उभी केलेली नाही. गावानं केली आहे. एमजीएचं बरचसं शरीर पोलादी पत्र्याचं, पण दरवाजे, बॉनेट आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचं. मऊ पत्रा. नेहमीच्या डेंटरनं हात लावला तर ताणून फाटायचा. हे काम कुणी केलं? तांबट आळीतल्या आजोबांनी. आयुष्यभर बंब आणि घंगाळी मठारलेला माणूस. मोटारीचा दरवाजा त्यांनी घंगाळ्यासारखाच मांडीवर घेतला आणि ठोकून ठोकून सरळ केला. गाडीची जमीन प्लायवूडच्या फळ्यांची असते, ती सुतारानं नवीन बसवली. बुश लेथवाल्यानं काढून दिले. सीटचं काम टेम्पोच्या गाद्या शिवणाऱ्या दुकानात झालं. इंग्लंडहून आलं ते रबराचं सामान आणि ब्रेकचे सिलिंडर. ब्रेकमध्ये जुगाड चालणार नाही, हा सरांचा पहिल्या दिवसापासूनचा नियम.

आणि इंजिन? इथेच खरी गोष्ट आहे.

एसटी स्टँडसमोर अँबॅसॅडर टॅक्स्या दुरुस्त करण्यात ज्यांची चाळीस वर्षं गेली, ते मिस्त्रीचाचा तुमच्यापैकी अनेकांना माहीत असतील. सरांनी त्यांना बोलावलं. चाचांनी बॉनेट उघडलं, टॅपेट कव्हरवरची धूळ हातानं पुसली आणि म्हणाले, "सर, ये तो अपनी अँबॅसॅडर है."

ते गमतीनं बोलत नव्हते. सुरुवातीच्या एमजीएचं इंजिन १४८९ सीसीचं, बीएमसी कंपनीच्या 'बी' मालिकेतलं. आपल्या अँबॅसॅडरमध्ये कित्येक वर्षं जे पेट्रोल इंजिन होतं तेही १४८९ सीसीचं, त्याच मालिकेतलं. स्पोर्ट्स कारला दोन कार्ब्युरेटर आणि जास्त ताकद, अँबॅसॅडरला एक कार्ब्युरेटर आणि जास्त ओझं. घराणं एकच. एक बहीण शर्यतीला गेली, दुसरी इकडं वऱ्हाडं वाहत बसली.

पण चाचांनी नंबर घासून वाचला तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. गाडीतलं इंजिन नुसतं अँबॅसॅडरसारखं नव्हतं, ते खरोखरच अँबॅसॅडरचं होतं. घरच्या जुन्या पत्रांतून उलगडा झाला. सत्तरच्या दशकात मूळ इंजिनाचा ब्लॉक तडकला. तेव्हा परदेशातून ब्लॉक मागवायचा म्हणजे परवाना, परकीय चलन, एजंट आणि दोन-चार वर्षं वाट बघणं. काकांनी सरळ अँबॅसॅडरचा ब्लॉक घेतला, त्यावर एमजीचे दोन कार्ब्युरेटर चढवले आणि गाडी चालू ठेवली. चालू ठेवली म्हणूनच ती आज आहे. नाहीतर तेव्हाच भंगारात गेली असती.

आता अडचण बघा. सर कागदपत्रं घेऊन एका कार्यालयात गेले. जुनं आरसी बुक त्यांच्याकडे आहे, आईच्या ट्रंकेत सापडलं. पण आरसीवरचा इंजिन नंबर आणि गाडीतला नंबर जुळत नाही. काकांनी बदलाची नोंद केली नव्हती. टेबलावरच्या माणसानं नियम दाखवला: चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेली गाडी व्हिंटेज धरता येत नाही. तो माणूस उद्धट नव्हता, चुकीचंही बोलत नव्हता. कागद जे सांगतो ते त्यानं सांगितलं. सरांची फाईल तिथंच थांबली आहे.

माझा प्रश्न त्या माणसाला नाही, नियमाला आहे. 'मूळ' म्हणजे नेमकं काय?

नियमाचा हेतू मला पटतो. कुणीही जुन्या सांगाड्यात नवीन जपानी इंजिन घालून व्हिंटेजचा नंबर मिरवू नये, हे बरोबरच. पण आपल्या देशात जुनी गाडी जिवंत राहिली ती बहुतेक वेळा अशा अदलाबदलीमुळेच. सगळे भाग मूळ, सगळे नंबर जुळणारे, अशी पन्नास वर्षांची गाडी कुणाकडे असते? ज्याच्याकडे तेव्हा गॅरेज होतं, ड्रायव्हर होता आणि परदेशातून सामान आणायची ऐपत होती त्याच्याकडे. म्हणजे राजवाड्यात किंवा कारखानदाराच्या बंगल्यात. मध्यमवर्गीय माणसानं, मिस्त्रीनं, टॅक्सीवाल्यानं जी गाडी हिकमतीनं चालू ठेवली, ती नियमाच्या लेखी बाटलेली. लोक मला म्हणतात, "जुन्या गाड्या म्हणजे श्रीमंतांचे चोचले." अहो, नियमच असा असेल तर ते श्रीमंतांचेच राहणार ना!

त्याच काळात, त्याच घराण्याचं इंजिन बसवलं असेल, तर तो बदल गाडीच्या इतिहासाचाच भाग आहे. परवानाराजमध्ये लोक कसे जगले, याचा तो पुरावा आहे. त्याची नोंद करा, गाडीच्या कागदावर स्पष्ट लिहा आणि पुढे चला. नियमात राज्य पातळीवर तपासणी समितीची तरतूद आहेच. समितीत माणसं बसणार असतील तर त्यांना डोकं वापरायची मोकळीक द्या. नुसता नंबर जुळवायला समिती कशाला लागते?

आता विरोधातले मुद्दे. तेही खरे आहेत, झटकून टाकण्यासारखे नाहीत.

प्रदूषण. जुनं इंजिन धूर जास्त सोडतं, वाद नाही. पण व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला चालतच नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि देखभाल, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. वर्षात चार वेळा निघणाऱ्या गाडीचा धूर आणि आपल्या बायपासवर रोज ये-जा करणाऱ्या डंपरचा धूर एकाच तागडीत टाकू नका.

सुरक्षितता. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, एअरबॅग तर सोडाच, तेव्हा सीटबेल्टही नसायचे. म्हणून ती हायवेवर ताशी शंभरनं पळवू नये, आणि सरही पळवणार नाहीत. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे यांची कडक तपासणी व्हावी, विमा सक्तीचा असावा. कायदा सैल करा असं मी म्हणत नाही. वय आणि नंबर मोजण्याऐवजी गाडीची अवस्था आणि वापर मोजा, एवढंच म्हणणं आहे.

जिथं ही गाडी बनली त्या इंग्लंडात चाळीस वर्षांपेक्षा जुन्या गाडीला, तिच्यात मोठा बदल झालेला नसेल, तर रस्ता कर माफ आहे आणि वार्षिक तपासणीतूनही सूट आहे. तपासणीतून सूट मला स्वतःला पटत नाही. आपल्या रस्त्यांवर तर नकोच. पण तिथं जुन्या गाड्यांभोवती सुट्या भागांचा, दुरुस्तीचा, प्रशिक्षणाचा अख्खा धंदा उभा आहे. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी बंद झालेल्या गाडीचं रबर आजही नवीन मिळतं, ते त्यामुळेच.

आपल्याकडे काय होतंय? ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्स्या गेल्या. ही गाडी कुर्ल्यात बनायची. दोन दिवस सगळ्यांनी काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे फोटो टाकले, हळहळ झाली आणि विषय संपला. त्या टॅक्स्यांबरोबर ती दुरुस्त करणारे हातही घरी बसले, त्यावर कुणी स्टेटस ठेवला नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी याची आहे. गाड्या काय, वस्तू आहेत. पण कानानं टॅपेट लावणारे चाचा आता सत्तरीपुढं आहेत. तांबट आळीत मठारकाम करणारं घर एकच उरलं आहे आणि आजोबांचा नातू पुण्याला डिलिव्हरीच्या कामाला आहे. आयटीआयची पोरं लॅपटॉप जोडून इंजिनाचा दोष शोधायला शिकतात, चांगलंच आहे, तेही हवंच. पण पत्रा हातानं कसा वळतो, बेअरिंग किती घट्ट बसवायचं, हे त्यांना कोण दाखवणार? सरांच्या गोठ्यात मी तीन पोरांना सहा महिने येताना बघितलं. एकानं कार्ब्युरेटर उघडून, साफ करून, परत जोडून इंजिन चालू केलं, तेव्हा त्याचा चेहरा बघायला हवा होता. सर्टिफिकेट कुणी देणार नव्हतं, तरी तो रोज यायचा.

म्हणून माझ्या साध्या मागण्या आहेत. वीस ते पन्नास वर्षांच्या हौशी गाड्यांसाठी मधला एक गट करा: मर्यादित किलोमीटर, दरवर्षी तपासणी आणि परवडेल अशी फी. त्या काळातल्या, त्याच जातीच्या सुट्या भागांचा बदल नोंदवून मान्य करा. व्हिंटेज नोंदणीला कुठले कागद लागतात याचा तक्ता मराठीत प्रत्येक परिवहन कार्यालयाच्या भिंतीवर लावा, एजंटला पैसे देऊन विचारायची वेळ येऊ नये. आणि आपल्या आयटीआयनं आठवड्यातून एक दुपार चाचांसारख्या माणसांना मानधन देऊन बोलवावं. शेवटच्या मागणीला दिल्लीची परवानगी लागत नाही. आपले लोकप्रतिनिधी ही पोस्ट वाचतात हे मला माहीत आहे, त्यांनी एवढं तरी मनावर घ्यावं.

आणि तुम्हाला एक विनंती. तुमच्या वाड्यात, शेतावरच्या शेडमध्ये एखादी जुनी गाडी, जीप, स्कूटर, बुलेट पडून असेल, तर भंगारवाल्याला फोन करायच्या आधी आरसी बुक शोधा. ट्रंक बघा, देव्हाऱ्याखालचा कप्पा बघा. चॅसिस आणि इंजिनाचा नंबर घासून वाचा, फोटो काढून ठेवा. कधी काय बदललं ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून घ्या. गाडीचा पत्रा आजोबा ठोकून सरळ करतील, इंजिन चाचा चालू करतील. हरवलेला कागद मात्र कुठल्याच मिस्त्रीला बनवता येत नाही.