पडद्यावरचे अंतर, रस्त्यावरचे अंतर

माणसाच्या दोन डोळ्यांना समोरचा सुमारे १८० अंशांचा पट्टा दिसतो. ६० सेंटिमीटर रुंदीचा पडदा तेवढ्याच अंतरावरून पाहिला, तर तो जेमतेम ५३ अंश व्यापतो. गाडी चालवण्याच्या व्हिडिओ गेममध्ये त्याच चौकटीत ९० अंशांचे दृश्य कोंबले, की पुढचा ट्रक लहान आणि लांब भासतो, वेग मात्र जास्त वाटतो. झूम केले की उलट: ट्रक जवळ येतो, वेग मंदावल्यासारखा वाटतो, कडेचे दिसेनासे होते. डोळ्यांना गती दिसते, अंतर्कर्णाला जाणवत नाही. म्हणून काहींना मळमळतेही. दृश्यकोन पडद्याच्या मापाशी जुळवणे हा चांगला उपाय आहे. तरीही नुकताच परवाना काढलेल्या मुलांनी गेममधला अंतराचा अंदाज रस्त्यावर आणू नये. तिथे चूक सुधारायला दुसरा डाव मिळत नाही.